उद्योगाच्या पाण्याचा हिशेब: नदीपासून नळापर्यंत आणि पुन्हा नदीपर्यंत

कंपन्यांच्या वार्षिक अहवालात एक वाक्य हमखास सापडतं: 'यंदा प्रति टन उत्पादनामागे पाण्याचा वापर १५ टक्क्यांनी कमी केला.' वाक्य खरं असतं, त्यामागची मेहनतही खरी असते. पण त्याच वर्षी उत्पादन ३० टक्क्यांनी वाढलं असेल, तर कारखान्याचा एकूण उपसा साडेदहा टक्क्यांनी वाढलेला असतो. शेजारच्या विहिरींची पातळी ठरते ती या एकूण उपशावर.

दुसरी अडचण जागेची आहे. कार्बन डायऑक्साइड वायू एका ठिकाणी जास्त सोडला आणि दुसरीकडे तेवढाच कमी केला, तर वातावरणाच्या हिशेबात ते चालून जातं. पाण्याचं तसं होत नाही. एका खोऱ्यात वाचवलेलं पाणी दुसऱ्या खोऱ्यातल्या आटलेल्या विहिरीत उतरत नाही, आणि पावसाळ्यात वाचवलेलं पाणी साठवलं नसेल तर उन्हाळ्यात कामाला येत नाही. म्हणून उद्योगाने पाणी जबाबदारीने वापरावं यासाठी इथे सांगितलेल्या आठ पायऱ्यांचा क्रम नेहमीपेक्षा थोडा वेगळा आहे. बहुतेक जण नळ आणि मीटरपासून सुरुवात करतात. मी म्हणेन, फाटकाबाहेरून सुरुवात करा. कारखाना असो, हॉटेल, रुग्णालय, लॉन्ड्री किंवा डेटा सेंटर, क्रम हाच राहतो.

पहिली पायरी: पाणी कुठून येतं आणि कुठे जातं

'तुमचं पाणी कुठून येतं?' असं विचारलं की उत्तर मिळतं, 'पाइपलाइनीतून' किंवा 'टँकरने'. हा झाला पाणी पोहोचण्याचा मार्ग. उगम शोधायचा तर मागे मागे जात नदी, धरण किंवा जलधर, म्हणजे जमिनीखालचा पाणी धरून ठेवणारा थर, गाठावा लागतो. टँकर असेल तर तो कोणत्या विहिरीवर भरतो, हे स्वतः जाऊन पाहा. तसंच सांडपाण्याचं. ते प्रक्रिया केंद्रात जातं की ओढ्यात, आणि त्या ओढ्याचं पाणी खाली कोण वापरतं?

यासाठी एक साधा नकाशा काढा. त्यात उगम, त्याच उगमावर अवलंबून असलेली शेती, गावं आणि इतर उद्योग, जवळच्या पाणथळ जागा, आणि तुमचं पाणी बाहेर पडतं ती जागा दाखवा. मग त्यावर महिने टाका. वार्षिक सरासरीने इथे फार फसगत होते. वर्षभराच्या हिशेबात सुखवस्तू दिसणारी नदी दोन-तीन महिने जवळजवळ कोरडी असू शकते, आणि तुमचा उपसा मात्र बाराही महिने सारखाच चालू असतो.

कोणत्या भागात पाण्याचा ताण किती, हे पाहण्यासाठी वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेचा 'ॲक्विडक्ट' हा नकाशा आणि डब्ल्यूडब्ल्यूएफ या निसर्गसंवर्धन संस्थेचं 'वॉटर रिस्क फिल्टर' ही दोन्ही साधनं विनामूल्य वापरता येतात. ॲक्विडक्टमध्ये नव्याने उपलब्ध होणाऱ्या पाण्याच्या तुलनेत मागणी किती, हे पाहतात. ४० टक्क्यांच्या वर गेलं की ताण 'जास्त' आणि ८० टक्क्यांच्या वर गेलं की 'अतिशय जास्त' मानला जातो. कंपनीचे अनेक ठिकाणी कारखाने असतील, तर आधी कुठे लक्ष घालायचं हे ठरवायला एवढं पुरतं. पण तो नकाशा मोठ्या क्षेत्राचा आहे, तुमच्या मागच्या बोअरवेलची पातळी त्यात दिसणार नाही. ती तुम्हालाच मोजावी लागेल. दर महिन्याला ठरलेल्या दिवशी, पंप काही तास बंद ठेवून स्थिर पातळी मोजा आणि वहीत नोंदवा. दोन-तीन वर्षांनी ही वही कुठल्याही सल्लागाराच्या अहवालापेक्षा मोलाची ठरते.

आणि माणसांशी बोला. खालच्या बाजूचे शेतकरी, पाणीपुरवठ्याचे अभियंते, घरी पाणी भरणाऱ्या बायका. पाणी कधी गढूळ येतं, कोणत्या महिन्यात वास येतो, हे त्यांना कुठल्याही यंत्राआधी कळलेलं असतं. २८ जुलै २०१० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यांना मानवी हक्क म्हणून मान्यता दिली. टंचाईत कोणाचा हक्क आधी, हा प्रश्न उद्योगापुरता तिथेच सुटलेला आहे, आणि नियोजन ते धरूनच करावं लागतं. २०१८ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या केप टाउन शहरात पाणीटंचाईमुळे माणशी दिवसाला ५० लिटरची मर्यादा घातली गेली होती. असा दिवस आला तर आपलं कोणतं काम थांबेल आणि कोणतं चालू राहील, याचा कागद आधीच तयार हवा.

दुसरी पायरी: पाण्याचा ताळेबंद

इथे तीन शब्द वेगळे ठेवा. उपसा म्हणजे आत घेतलेलं पाणी. विसर्ग म्हणजे बाहेर सोडलेलं पाणी. या दोघांतला फरक म्हणजे खऱ्या अर्थाने खर्ची पडलेलं पाणी, म्हणजे वाफ होऊन गेलेलं, मालात मिसळलेलं, गाळाबरोबर गेलेलं किंवा बागेत मुरलेलं. समजा, दिवसाला ५०० घनमीटर आत येतं आणि ३२० घनमीटर बाहेर पडतं. मग १८० घनमीटर कुठे गेलं, याचं उत्तर कागदावर देता आलं पाहिजे. कूलिंग टॉवर ११०, माल २५, बाग १५, असं मांडत गेलात आणि ३० घनमीटरचा पत्ताच लागला नाही, तर नवं यंत्र घेण्याआधी ते ३० शोधा.

त्यासाठी मुख्य मीटर पुरत नाही. कूलिंग टॉवर, बॉयलर, धुण्याचे विभाग, स्वयंपाकघर, स्वच्छतागृहं, बाग या प्रत्येक मोठ्या वापराला स्वतंत्र मीटर हवा. सगळीकडे एकदम बसवणं परवडत नसेल, तर सर्वात मोठ्या तीन वापरांपासून सुरुवात करा. मीटर रोज एकाच वेळी वाचा, आणि वाचणाऱ्याला त्या आकड्याचा अर्थ सांगा. अर्थ न कळता भरलेल्या वह्यांत महिनाभर एकच आकडा सापडतो.

गळती शोधायची सगळ्यात स्वस्त युक्ती म्हणजे सुट्टीच्या रात्रीची चाचणी. सगळं काम बंद असताना, टाक्या भरलेल्या असताना, मुख्य मीटर रात्री एकदा वाचा आणि पहाटे पुन्हा वाचा. आकडा हलला असेल तर पाणी कुठेतरी जातंय. मिनिटाला फक्त १ लिटर म्हणजे दिवसाला १,४४० लिटर आणि वर्षाला सव्वापाच लाख लिटर. मग एकेक विभागाचा व्हॉल्व्ह बंद करत जा. ज्या व्हॉल्व्हला मीटर थांबेल, त्याच्या पुढे गळती आहे. बहुतेक वेळा दोषी सापडतात ते असे: अडकलेला फ्लोट व्हॉल्व्ह आणि त्यामुळे रात्रभर ओव्हरफ्लो होणारी टाकी, फ्लशची टाकी, पंपाचं ग्लँड (दांड्याभोवतीचं सील), जमिनीखालचा जुना पाइप. आणखी एक सापडतं, ते म्हणजे कधीकाळी एखाद्या यंत्राला थंड करण्यासाठी जोडलेला आणि थेट गटारात सोडलेला नळ. तो तिथे आहे हे कोणाच्या लक्षातही उरलेलं नसतं.

ताळेबंदात पैशाचा रकानाही घाला, आणि तो नीट घाला. नुसतं पाण्याचं बिल पाहिलं तर बचतीचा कुठलाच प्रस्ताव व्यवस्थापनाला पटत नाही. त्या पाण्याला उपसणं, मऊ करणं, गरम करणं, रसायन घालणं आणि शेवटी शुद्ध करून सोडणं, हा सगळा खर्च त्याच लिटरवर चढलेला असतो. १ घनमीटर पाण्याचं तापमान ६० अंश सेल्सियसने वाढवायला जवळपास ७० युनिट ऊर्जा लागते. गरम पाणी वाचवलं की इंधनही वाचतं, आणि पुष्कळदा प्रस्ताव मंजूर होतो तो याच आकड्यामुळे.

तिसरी पायरी: वापर कमी करणं

पुनर्वापराचा प्रकल्प दिमाखदार दिसतो म्हणून अनेक ठिकाणी आधी तोच उभा राहतो. ही चूक टाळा. आधी वापर घटवा. तसं केलं नाही तर वाया जाणारं पाणी शुद्ध करण्यासाठी गरजेपेक्षा मोठं यंत्र विकत घेतलं जातं.

फरशी धुण्याआधी कोरडा कचरा झाडून, खरवडून गोळा करा. तो पाण्याने ढकलत गटारात नेला की पाणी तर जातंच, वर सांडपाण्याचा भारही वाढतो. होजच्या टोकाला दाबला तरच पाणी सोडणारा नोझल लावा. दाब तपासा. नोझलमधून जाणारं पाणी दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतं, म्हणजे दाब निम्मा केला तर पाणी सुमारे ३० टक्क्यांनी कमी होतं. स्वच्छतागृहातले नळ आणि फ्लश बदलणं सोपं आहे, करून टाका. फक्त मोठ्या पाणीखाऊ कारखान्यात त्याचा वाटा किरकोळ असतो, तेव्हा अभियान तिथेच संपवू नका.

खरी बचत धुण्याच्या टाक्यांत असते. प्लेटिंग (धातूचा मुलामा), धातूकाम, रंगकाम, कापड, जिथे जिथे वस्तू खळखळून धुवावी लागते तिथे. वस्तूला चिकटून येणारं द्रावण हजारपट पातळ करायचं आहे असं धरा. एकाच वाहत्या टाकीत हे करायला चिकटून आलेल्या १ लिटर द्रावणामागे सुमारे १,००० लिटर पाणी लागतं. तेच दोन टाक्या एकापुढे एक ठेवल्या आणि पाणी उलट दिशेने वाहवलं, म्हणजे वस्तू पहिलीतून दुसरीत जाते आणि ताजं पाणी दुसरीत शिरून पहिलीत उतरतं, तर सुमारे ३२ लिटर पुरतात. तीन टाक्या केल्या तर १० च्या आसपास. यात एकही महागडं तंत्रज्ञान नाही. एक-दोन टाक्यांची जागा आणि पाइपची उलटी जोडणी, एवढाच मामला आहे. त्याआधीही एक फुकटची गोष्ट आहे: वस्तू द्रावणातून काढल्यावर टाकीच्या वरच काही सेकंद जास्त निथळू द्या. जितकं कमी द्रावण पुढे जाईल तितकं कमी पाणी धुण्याला लागेल, आणि महागडं रसायनही टाकीतच राहील. पाळीवरच्या कामगाराला घाई असते ती ठरलेल्या आकड्याची, म्हणून निथळण्याचे सेकंद कामाच्या वेळेतच धरा.

कूलिंग टॉवरकडे निवांत बसून पाहावं लागतं. तिथे पाण्याची वाफ होते आणि क्षार मागे उरतात. ते फार साचू नयेत म्हणून थोडं पाणी सतत काढून टाकतात, त्याला ब्लोडाउन म्हणतात. आत फिरणाऱ्या पाण्यातले क्षार ताज्या पाण्याच्या किती पट झाले, याला सायकल्स म्हणतात. दिवसाला १०० घनमीटर वाफ होत असेल, तर ३ सायकल्सवर एकूण १५० घनमीटर पाणी घालावं लागतं, ६ वर १२०, आणि १० वर सुमारे १११. म्हणजे ३ वरून ६ वर जाणं फार फायद्याचं आहे, ६ वरून १० वर जाण्यात त्या मानाने थोडं हाती लागतं आणि खपली धरण्याचा, गंजण्याचा धोका वाढतो. कुठे थांबायचं हे पाण्यातला कठीणपणा, सिलिका आणि क्लोराइड पाहून ठरवा. पाण्याची वीज-वाहकता क्षारांबरोबर वाढते, ती मोजून ब्लोडाउन आपोआप उघडणारा नियंत्रक बसवा, हाताने अंदाजे व्हॉल्व्ह फिरवणं बंद करा. जंतूंकडे दुर्लक्ष मात्र चालणार नाही. १९७६ मध्ये फिलाडेल्फियातल्या साथीनंतर ओळखला गेलेला लीजनेला हा जिवाणू अशा कोमट, साचलेल्या पाण्यात वाढतो आणि तुषारांतून फुफ्फुसात जातो. पाणी वाचवण्याच्या नादात निर्जंतुकीकरण ढिलं पडू देऊ नका.

बॉयलरची वाफ थंड होऊन झालेलं पाणी, म्हणजे कंडेन्सेट, गरम आणि जवळजवळ शुद्ध असतं. ते गटारात जात असेल तर आजच परत वळवा.

चौथी पायरी: पुनर्वापर, आणि त्याच्या मर्यादा

नामिबियातल्या विंडहुक शहरात १९६८ पासून शुद्ध केलेलं सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळलं जातं. सिंगापूरने २००३ मध्ये 'न्यूवॉटर' सुरू केलं, आणि ते शुद्ध केलेलं पाणी अतिस्वच्छ पाणी लागणारे चिप उद्योग वापरतात. तेव्हा तंत्रज्ञान होत नाही, ही सबब आता चालण्यासारखी नाही. प्रश्न असतो तो दर्जा जुळवण्याचा. प्रत्येक कामाला किमान कसं पाणी पुरेल, याची यादी करा आणि उतरत्या क्रमाने पाणी खेळवा. शेवटच्या धुण्याचं पाणी पुढच्या खेपेच्या पहिल्या धुण्याला, तिथून फरशीला. पिण्याच्या आणि पुनर्वापराच्या पाइपांचे रंग वेगळे ठेवा आणि दोन्ही कुठेही जोडले जाणार नाहीत, हे दरवर्षी तपासा.

आरओ, म्हणजे पडद्यातून दाबाने पाणी गाळून क्षार काढणारं यंत्र, बसवताना रिजेक्टचा, म्हणजे मागे उरणाऱ्या खारट पाण्याचा, हिशेब आधी करा. ७५ टक्के पाणी परत मिळवलं, तर उरलेल्या २५ टक्क्यांत क्षार जवळपास चौपट दाट होतात. ते कुठे जाणार? झिरो लिक्विड डिस्चार्ज, म्हणजे एक थेंबही बाहेर न सोडणं, हे काही ठिकाणी गरजेचं असतं, विशेषतः जिथे खारट किंवा विषारी पाणी रिचवण्याची ताकद जवळच्या ओढ्यात नाही. पण सरसकट त्याला सर्वोच्च यश मानणं मला पटत नाही. शेवटचं दाट पाणी आटवायला भरपूर ऊर्जा लागते, आणि शेवटी मिश्र क्षारांचा ढीग उरतो. तो उघड्यावर पडला तर पहिल्या पावसात पुन्हा पाण्यातच येतो. दुसरं म्हणजे, चांगलं शुद्ध करून सोडलेलं पाणी खालच्या लोकांचा प्रवाह असू शकतो. ते सगळं आत फिरवून अखेर वाफेत घालवलं, तर आपल्या अहवालात शून्य विसर्ग लिहिता येतो आणि त्यांचा ओढा मात्र आटतो. असा निर्णय घेण्याआधी पहिल्या पायरीचा नकाशा पुन्हा उघडा.

पाचवी पायरी: बाहेर पडणारं पाणी

कायद्याची मर्यादा ही खालची रेषा आहे, तिच्यापाशी थांबू नका. जपानमधल्या मिनामाता खाडीत चिसो कंपनीच्या कारखान्यातून मिथाइल पारा गेला. १९५६ मध्ये तिथला आजार अधिकृतपणे नोंदला गेला. समुद्रात पाणी अफाट होतं, तरी पारा मासे आणि शिंपल्यांत साठत साठत माणसांच्या शरीरात पोहोचला. जे विघटित होत नाही ते पातळ करून संपत नाही. म्हणून जड धातू, द्रावकं, दाट क्षार यांचे प्रवाह उगमापाशीच वेगळे करा. एकदा ते सामान्य सांडपाण्यात मिसळले की थोड्याशा विषासाठी सगळं पाणी शुद्ध करत बसावं लागतं, आणि जैविक प्रक्रियेतले जिवाणू मेले तर ईटीपी (कारखान्याचं सांडपाणी प्रक्रिया केंद्र) काही दिवस बंद पडतो तो वेगळाच.

पावसाचं पाणी आणि सांडपाणी यांची गटारं वेगळी हवीत. आग विझवल्यावरचं पाणी तर फार थोड्या ठिकाणी विचारात घेतलेलं असतं. १ नोव्हेंबर १९८६ रोजी स्वित्झर्लंडमध्ये बाझल शहराजवळच्या सँडोझच्या रासायनिक गोदामाला आग लागली. आग विझवण्यासाठी मारलेल्या पाण्याबरोबर कीटकनाशकं ऱ्हाइन नदीत वाहून गेली आणि नदीतले मासे मोठ्या संख्येने मेले. तुमच्या गोदामात रसायनं असतील, तर आगीचं पाणी अडवणारी टाकी आणि बाहेरच्या नाल्यावर तातडीने बंद होणारा दरवाजा आहे का, हे याच आठवड्यात पाहा.

सहावी पायरी: कच्च्या मालातलं पाणी

जगात उपसल्या जाणाऱ्या गोड्या पाण्यापैकी सुमारे ७० टक्के पाणी शेतीला लागतं. खाद्यपदार्थ, कापड किंवा पेयांचा धंदा असेल, तर तुमच्या मालामागचं बहुतेक पाणी कारखान्यात न जाता शेतातच खर्ची पडलेलं असतं. आर्येन हुक्स्ट्रा या डच अभ्यासकाने २००२ मध्ये जलपदचिन्हाची, म्हणजे एखाद्या मालामागे एकूण किती पाणी लागलं ते मोजण्याची, कल्पना मांडली. पावसाचं हिरवं, उपशाचं निळं आणि प्रदूषण सामावून घ्यायला लागणारं करडं, अशा तीन प्रकारांत पाणी मोजण्याची पद्धत त्यातूनच रुळली. पावसावर वाढलेलं पीक आणि खोल बोअरवेलवर वाढलेलं पीक यांत किती अंतर आहे, ते या रंगांमुळे दिसतं.

सगळ्या पुरवठादारांना शंभर प्रश्नांची प्रश्नावली पाठवू नका. सर्वात जास्त लागणारे दोन-तीन कच्चे माल घ्या, ते नेमके कुठे पिकतात ते शोधा, ताणाच्या नकाशावर ठेवा, आणि जिथे तो माल पिकतो आणि पाण्याचा ताणही जास्त आहे तिथे जा. शेतकऱ्याला ठिबकसाठी मदत करायची असेल, तर त्याबरोबर काही वर्षांच्या खरेदीची हमी द्या, नाहीतर सगळी जोखीम त्याच्याच माथी राहते. आणि वाचलेल्या पाण्यावर लागवडीचं क्षेत्र वाढलं तर जलधराला काहीच मिळत नाही. हे त्याच्याशी आणि गावाशी आधीच मोकळेपणाने बोलून ठरवा.

सातवी पायरी: उद्दिष्ट ठरवणं

उद्दिष्ट त्या त्या जागेचं, त्या त्या ऋतूचं आणि एकूण आकड्यात असावं. 'जगभरात २० टक्के बचत' या आकड्यात भरपूर पाण्याच्या ठिकाणची सोपी बचत कोरड्या ठिकाणच्या वाढत्या उपशाला झाकू शकते. त्यापेक्षा 'या कारखान्यात उन्हाळ्याच्या चार महिन्यांत भूजलाचा उपसा दिवसाला अमुक घनमीटरवर आणणार' हे कितीतरी प्रामाणिक आहे.

'वॉटर पॉझिटिव्ह', म्हणजे घेतो त्यापेक्षा जास्त पाणी परत देणारे, असं म्हणवण्याची घाईही नको. छतावर पडलेला १ मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला १ लिटर. १०,००० चौरस मीटर छतावर २५ मिलिमीटर पडला तर गळती आणि बाष्पीभवन सोडून अडीच लाख लिटर. पाणी चांगलंच आहे, जरूर साठवा. पण दूरच्या तलावातला गाळ काढून आपल्या बोअरवेलचा उपसा फिटला असं मांडू नका. आणि तेल, रसायनं सांडणाऱ्या आवारातलं पाणी कधीही जमिनीत मुरवू नका. बिघडलेला जलधर पिढीभरात सुधारत नाही.

आठवी पायरी: शेजाऱ्यांबरोबर

एकट्या कंपनीने सगळं नीट केलं तरी खोरं बिघडू शकतं, कारण उगम सगळ्यांचा एकच असतो. डेन्मार्कमधल्या कालुनबोर्गला १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला भूजल वाचवण्यासाठी रिफायनरीला तिस्सो सरोवराचं पाणी दिलं गेलं. पुढे तिथले उद्योग पाणी, वाफ आणि उपउत्पादनं एकमेकांना पुरवू लागले. न्यूयॉर्क शहराने १९९७ मध्ये वरच्या भागातल्या गावांशी करार करून पाणलोट राखण्यावर खर्च केला, आणि तिथल्या पाण्यासाठी प्रचंड गाळणी प्रकल्प उभारणं टाळलं. दोन्हीकडे पाणी वापरणारे एका टेबलावर बसले होते.

अशा बैठकीत कंपनीचा आवाज आपसूकच मोठा असतो, म्हणून तिने जपून वागायला हवं. स्वतःचे उपशाचे आकडे सगळ्यांत आधी टेबलावर ठेवा. बैठक टंचाई येण्याच्या काही महिने आधी घ्या, टंचाईत फक्त भांडणं होतात.

नोंद आणि जाहीर करणं

चौकट हवी असेल तर अलायन्स फॉर वॉटर स्टुअर्डशिप या आंतरराष्ट्रीय संस्थेचं मानक पाहा. त्याची पहिली आवृत्ती २०१४ ची, दुसरी २०१९ ची. त्यात पाण्याचा कारभार, समतोल, दर्जा, महत्त्वाच्या पाणथळ जागा आणि सर्वांसाठी पिण्याचं पाणी व स्वच्छता अशी पाच फलितं धरलेली आहेत. शेवटचं फलित विसरू नका, त्यात कंत्राटी कामगारांचं स्वच्छतागृहही येतं. पाणी कार्यक्षमतेने वापरण्याच्या व्यवस्थापनासाठी आयएसओ ४६००१ हे मानक आहे, पाण्याविषयीच्या अहवालासाठी जीआरआय ३०३. प्रमाणपत्र उपयोगी पडतं, पण आधीचं काम झालेलं असेल तरच.

आणि जाहीर करायचं ते फक्त गुंतवणूकदारांपुरतं नको. फाटकाबाहेर, स्थानिक भाषेत, दर महिन्याला एक फलक लावा: किती पाणी घेतलं, किती सोडलं, सोडलेल्या पाण्याचा तपासलेला दर्जा, बोअरवेलची पातळी, आणि तक्रार कोणाकडे करायची त्याचा फोन नंबर. एखाद्या महिन्यात मर्यादा ओलांडली गेली असेल, तर तो आकडाही तिथेच लिहा, कारणासह आणि दुरुस्तीच्या तारखेसह.